मोंतारीच्या चर्चची किल्ली

सायकली भिंतीला लावा, आणि ते डोळ्यांत घुसणारे दिवे आधी विझवा. पाऊस काही इतक्यात उघडत नाही. मघाशी तुमच्यातल्या कुणीतरी विचारलं ना, या चर्चला रात्री कुलूप का नसतं आणि किल्ली दाराला आतल्या बाजूने का खोचलेली असते? सांगतो. मध्ये बोलायचं नाही. ज्याला हसायचंय त्याने बाहेर पावसात जाऊन हसावं.

ही गोष्ट रेजिसची. खालच्या व्होदेल गावचा गवंडी. माझ्या गोठ्याची भिंत त्यानेच बांधली, अजून उभी आहे. माणूस थापा मारणारा नाही.

चार वर्षं झाली. ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार, हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करतात ती रात्र. रेजिस जेवायला बसणार तेवढ्यात फोन वाजला. फिलोमेनबाईंचा. समोर ते निळ्या झडपांचं घर आहे ना, तिथल्या. चर्चची किल्ली त्यांच्याकडे असायची.

"रेजिस, माझी किल्ली कुठाय?"

"कसली किल्ली, बाई?"

"माझ्या कपाळाची! चर्चची, दुसरी कसली? दुपारी तिघं लग्नाची जागा बघायला आलात, कुलूप तू लावलंस. उद्या सकाळी पाद्री येतोय, दोन महिन्यांनी येतोय. त्याला काय खिडकीतून आत ढकलू?"

"सकाळी आणतो की."

"तू सकाळी कधी उठतोस ते सगळ्या गावाला माहीत आहे. आत्ता आण. सूप ठेवते."

सायकलच्या सदऱ्याला पाठीवर खिसे असतात, त्यातल्या मधल्या खिशात किल्ली सापडली. चांगली वीतभर लांब, लोखंडी. बायको मोटार घेऊन दवाखान्यात रात्रपाळीला गेलेली. रेजिसने तोच सदरा पुन्हा चढवला, किल्ली त्याच खिशात टाकली, दिवा लावला आणि निघाला.

आता लग्न कुणाचं, ते ऐका. तिथंच सगळं दुखणं आहे.

रेजिसचा धाकटा भाऊ क्लोव्हिस. पायात घोड्याची ताकद आणि तोंडाला लगाम नाही. दर रविवारी तिघं निघायचे, रेजिस, क्लोव्हिस आणि क्लोव्हिसचा जिवलग तिबो. मोंतारीच्या चढावर रेजिसचा जीव तोंडाशी यायचा. मग क्लोव्हिस मागून येऊन त्याच्या पाठीवर तळहात टेकवायचा, एका हाताने सायकल धरून दुसऱ्या हाताने भावाला वर ढकलायचा आणि म्हणायचा, "चल रे म्हाताऱ्या, वर देव वाट बघतोय." चढ संपला की गावाची पाटी. पाटी दिसली की शर्यत. आधी जो ओलांडेल तो जिंकला. तुम्ही मघाशी केलंत तेच. मी बघितलं खिडकीतून.

त्या रात्रीच्या दीड वर्ष आधी, एप्रिलमध्ये, त्या शर्यतीत क्लोव्हिस गेला. पाटीच्या अलीकडे दगडी क्रूस आहे, त्याच्या चौथऱ्यावर डोकं आपटलं. रेजिस मागे चढावर धापा टाकत होता, त्याने काही पाहिलं नाही. पाहणारा एकटा तिबो. तो एवढंच म्हणाला, "उजवीकडून आला. तिथं जागाच नव्हती."

जागाच नव्हती. रेजिस गवंडी माणूस. पुढच्याच आठवड्यात तो एकटा तिथं जाऊन उभा राहिला. रस्त्याच्या कडेपासून क्रूसापर्यंत गाय आरामात चरत जाईल एवढी जागा. त्या दिवसापासून त्याच्या मनात काटा रुतला तो रुतलाच. वर्ष उलटलं. तिबो क्लोव्हिसच्या बायकोकडे, सोलेनकडे, आधी लाकडं फोडून द्यायला जायचा, मग जेवायला, मग... कळलं तुम्हाला. आता पुढच्या शनिवारी याच चर्चमध्ये त्यांचं लग्न होतं. आणि साक्षीदार कोण? तिबोने त्या दुपारी इथंच, या ओट्यावर विचारलं होतं, "रेजिस, तू उभा राहशील ना माझ्या बाजूला? उद्या प्रार्थना झाली की सांग." रेजिस हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून निघून गेला. म्हणून ती त्याच्याकडे राहिली.

उद्या उत्तर द्यायचं. हो म्हटलं तर भावाच्या मारेकऱ्याचा हात धरल्यासारखं. नाही म्हटलं तर कारण सांगावं लागणार, सोलेनच्या तोंडावर. हेच घोळवत तो पाय मारत होता.

व्होदेलच्या वेशीवर कब्रस्तानाचा नळ आहे. तुम्ही सगळे तिथंच बाटल्या भरता, कब्रस्तानाचं पाणी चांगलं असतं म्हणून. रेजिसनेही भरली. क्लोव्हिस तिथंच पुरलेला, पण त्याने तिकडे पाहिलं नाही. नळ घट्ट बंद केला आणि पुढे निघाला. शंभर पावलं गेला नसेल, मागे नळ सुटल्याचा आवाज आला. बाटली भरल्यासारखा. मग बंद.

कुणीतरी आहे मागे, त्याने ओळखलं. या वेळेला, या रस्त्यावर सायकलवाला. दुसरा कोण असणार? तिबो. उत्तर काढून घ्यायला येतोय.

मागे वळून पाहिलं. दिवा नाही. काळोख आणि कुंपणापलीकडे पांढऱ्या गायी, तेवढंच.

मग ऐकू आलं. चाकाची टिकटिक. पाय थांबवले की मागचं चाक करतं ती. अगदी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून.

"तिबो?"

टिकटिक.

"दिवा लाव की गाढवा. मोटारीखाली जाशील."

काही नाही. रेजिसला राग आला. वारा समोरून, हा आपला आडोशाला बसून फुकट येतोय. त्याने कोपर झटकलं. कोपर झटकलं की मागच्याने पुढे यायचं, तेवढं तर तुम्हालाही कळतं. कुणी आलं नाही. पुन्हा झटकलं. नाही आलं.

"बरोबर आहे," रेजिस मोठ्याने म्हणाला. "दुसऱ्याच्या आडोशाने जगायची सवयच तुला. त्याच्या घरी, त्याच्या टेबलावर. सांग ना, किती जागा होती तिथं? मी मोजलीय, तिबो. दोनदा मोजलीय."

टिकटिक... टिकटिक...

मोंतारीचा चढ लागला. रेजिसने दात दाबून जोर लावला. आणि मग त्याच्या लक्षात आलं. टिकटिक अजून चालू होती.

चढावर. बघा, चढावर पाय थांबवले की सायकल थांबते. पोर असो की पहिलवान. आणि हा मागचा... पाय न मारता वर येत होता.

रेजिसच्या मानेवरचे केस उभे राहिले. तरी डोक्यात तिबोच. काहीतरी नवीन यंत्र असेल. बॅटरीची सायकल घेतली असेल. लग्नासाठी. लबाड.

दम लागून छाती फुटायला आली. चाक डुलायला लागलं.

आणि पाठीवर तळहात टेकला.

कंबरेच्या वर. खिशावर. हळूच, पण ठाम. त्याने रेजिसला वर ढकललं.

असं ढकलणारा माणूस जगात एकच होता. रेजिसला ते कळलं. आणि कळूनही मान्य न करता तो संतापला. याला हेही माहीत आहे. हेही चोरतोय.

"हात काढ!" तो ओरडला. "तो हात तुझा नाही!"

हात काढला नाही.  चढ संपला तेव्हा हात गेला.

पुढे सपाट रस्ता. दिव्याच्या उजेडात गावाची पांढरी पाटी.

टिकटिक थांबली. मागे कुणीतरी पाय मारायला लागलं.

रेजिस पायडलांवर उभा राहिला, जीव खाऊन. पाटी जवळ आली. क्रूस दिसला. आणि उजव्या कोपराशी काहीतरी सरकलं... उजवीकडून. त्याच्या आणि क्रूसाच्या मधून.

रेजिसने विचार केला नाही. तो उजवीकडे वळला. कोपर बाहेर काढलं. जागा बंद केली.

मुद्दाम.

आता आवाज येणार. लोखंडाचा, हाडाचा.

नाही आला.

पाटी मागे गेली. त्याने ब्रेक दाबले, सायकल टाकली, दिवा काढून मागे धावला. क्रूस. ओलं गवत. चर कोरडा. कुणी नाही... कुणीच नाही. तो तिथं उभा राहिला, उजवं कोपर अजून तसंच बाहेर काढलेलं. त्याने हे आत्ता केलं होतं. ज्याच्यासाठी दीड वर्ष दुसऱ्याला दोष दिला, ते. एका क्षणात.

फिलोमेनबाईंचं दार उघडंच होतं. चुलीशेजारी टेबलावर अक्रोडांचा ढीग. आणि ढिगामागे, हातोडी घेऊन, बाईंचा भाचा. तिबो.

"आला का राजा," बाई म्हणाल्या. "सूप थंड झालं. तोंड का असं झालंय? भूत बघितलंस?"

"तू..." रेजिस तिबोला म्हणाला. "तू कधी आलास इथं?"

"सूप व्हायच्या आधीपासून आहे," तिबो म्हणाला. "मावशीने कामाला जुंपलंय. का?"

"कुठं गेला नाहीस?"

"अक्रोडांना घेऊन कुठं जाऊ?"

"किल्ली," बाईंनी हात पुढे केला. "माझी किल्ली दे आधी, मग भांडा."

रेजिसने मधल्या खिशात हात घातला. मग डाव्या. मग उजव्या. सदरा काढून उलटा केला.

"रस्त्यात पाडलीस!" बाई किंचाळल्या. "चारशे वर्षांची किल्ली!"

"पडली नाही," रेजिस म्हणाला. "खिशावर... हात होता."

"कुणाचा हात?"

रेजिसने मान वळवली. तिबोकडे बघत राहिला. तिबोच्या हातातला अक्रोड तसाच राहिला.

तिघं इथं आले. हे दार. बंद. बाईंनी धक्का मारला, हललं नाही. तिबो गुडघ्यावर बसला, बॅटरी लावून किल्लीच्या भोकातून आत बघायला गेला.

"दिसत नाही," तो म्हणाला. "भोक बुजलंय. आत काहीतरी आहे."

त्याने खिशातला तारेचा तुकडा आत सारला.

आत, दगडी फरशीवर, लोखंड पडलं. खण्ण.

कुणी हललं नाही. आत कुणी असेल तर त्याने दिवा लावला असता. खोकला असता. काही तरी. आत नुसता काळोख... आणि मग त्या काळोखात, हळूहळू...

टिकटिक. टिकटिक.

दाराकडे येत होती. दारापाशी आली. थांबली.

बाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. रेजिसने तिबोकडे पाहिलं. तिबो गुडघ्यावरच होता. चेहरा मेणासारखा. त्याने कपाळ दाराला टेकवलं.

"जागा होती," तो म्हणाला.



"क्लोव्हिस, जागा होती. मी तुला पाहिलं. दरवेळी तूच जिंकायचास... त्या एका वेळी... मी कोपर बाहेर काढलं. फक्त कोपर. तू थांबशील असं वाटलं. तू कधीच थांबायचा नाहीस..."



दीड वर्ष रेजिस या वाक्याची वाट बघत होता. हे ऐकलं की तिबोची कॉलर धरायची, हेही ठरलेलं. त्याने धरली नाही. त्याने आपलं उजवं कोपर डाव्या हाताने दाबून धरलं होतं. 

"मीही आत्ता काढलं," तो एवढंच म्हणाला. "पाटीपाशी."

आणि आत फरशीवरून लोखंड उचललं गेलं. खरवडल्यासारखा आवाज. किल्ली भोकात शिरली. तिबोच्या कपाळासमोर. फिरली.

खट्.

दार बोटभर उघडलं.

आत कुणी नव्हतं. बाकं, संत, दुपारी सोलेनने फुलांसाठी ठेवलेल्या रिकाम्या कुंड्या. कोपरा न कोपरा पाहिला. किल्ली आतल्या बाजूने भोकात.

सकाळी पाद्री उघड्या दाराने आत आला. प्रार्थना झाल्यावर तिबो स्वतः सोलेनकडे गेला, रेजिस बरोबर होता. रेजिस दाराबाहेरच उभा राहिला, आत गेला नाही. काय बोलणं झालं ते त्या दोघांना माहीत. लग्न झालं नाही. कुंड्या बाईंनी कब्रस्तानात नेल्या. तिबोने प्रदेश सोडला. रेजिस अजून सायकल चालवतो, पण पाटीची शर्यत लावत नाही. कुणी उजवीकडून आलं की बाजूला होतो. काळोखात तर कुणी नसलं तरी होतो. तुम्हीही व्हा. हसू नका, म्हटलं ना.

किल्ली काढायला बाईंनी हात लावला नाही. पाद्रीने लावला नाही. मीही नाही. चार वर्षं कुणीच नाही. कुलपाला गंज चढलाय, बिजागऱ्यांना चढलाय, खिळ्यांना चढलाय.

जा, दाराच्या आतल्या बाजूला बघा. दिवा न्या हवं तर. किल्लीच्या कानाला, बोटांत धरतो त्या कडीला, गंज नाही. बोट लावून बघ... काळं झालं ना?

वास घे.

साखळीचं तेल आहे. ताजं.