मोतुराहाचा गाळ

रत्नागिरीच्या प्रयोगशाळेतल्या शीतकक्षात चार मीटर लांबीचा गाळाचा एक दंडगोल उभा चिरून आडवा ठेवला होता. प्रशांत महासागरातल्या मोतुराहा नावाच्या निर्जन बेटावर एक विवर-सरोवर आहे, त्याच्या तळातून तो काढला होता. चिरलेल्या बाजूवर केसासारखे बारीक काळे-पांढरे पट्टे दिसत होते.

"पावसाळ्यात काळा थर बसतो, कोरड्या दिवसांत पांढरा," डॉ. जयवंत तांडेल म्हणाले. "एक जोडी म्हणजे एक वर्ष."

समोर डॉ. एलिन फर्स्टेख उभ्या होत्या. नौकानयनाच्या इतिहासाच्या त्या अभ्यासक. हॉलंडहून खास या वाचनासाठी आल्या होत्या.

"आणि यातून माणसं कशी कळतात?"

"माणूस तळ्यावर येतो, पाणी भरतो, अंघोळ करतो. त्याचे केस, त्वचेचे कण पाण्यात पडतात. त्यांतले जनुकधागे चिखलाला चिकटून तळाशी जातात. तिथे प्राणवायू नाही, म्हणून ते टिकतात. आमचा गाळवाचक एकेक पट्टा खरवडून सांगतो, त्या वर्षी तळ्यावर कोण आलं होतं. माणूस, डुक्कर, रोगजंतूसुद्धा."

एका खाणकंपनीला मोतुराहाभोवतीच्या समुद्रतळातली खनिजं हवी होती. शेजारच्या अनुरोआ बेटावरची दोनशे कुटुंबं म्हणत होती, मोतुराहा आमच्या पूर्वजांचं आहे, आम्हाला परत जायचंय. कंपनीचा सगळा आधार कप्तान व्हेलिंगच्या जहाजाच्या रोजनिशीवर होता. १७७९ साली त्याने लिहिलं होतं, 'बेट रिकामे. मनुष्यवस्तीची खूण नाही. ताबा घेतला.' सागरी हक्क आयोगाने गाळाची साक्ष मागवली होती.

गाळवाचकाचा निकाल पडद्यावर उमटला. १७६८ पर्यंत दरवर्षीच्या पट्ट्यात भरपूर माणसं. १७६८ च्या पट्ट्यात देवीच्या रोगाचे विषाणू. पुढच्या वर्षापासून माणसांच्या खुणा मोजक्याच उरलेल्या. १७७९ नंतर काहीच नाही.

एलिन खुर्चीत बसल्या. "व्हेलिंग पहिल्यांदा तिथे १७६८ मध्येच गेला होता. पाणी भरायला, चार दिवस," त्या म्हणाल्या. "आमच्या गावात त्याचा पुतळा आहे. शाळेची मुलं त्याच्यासमोर फोटो काढतात. मीही काढलाय."

जयवंतांनी त्यांचं सांत्वन केलं नाही. खरं तर त्यांना बरंच वाटलं. त्याच आठवड्यात एका मुलाखतीत ते म्हणाले, "चारशे वर्षं यांनी शोधांचे डंके पिटले. पण ज्यांना शोधलं त्यांचं काय झालं, ते हा चिखल सांगतो. आणि या चिखलात आपले हात नाहीत."

दोन दिवसांनी डॉ. शालन खोत त्यांच्या खोलीत आल्या. गाळवाचक त्यांनीच उभा केला होता.

"जयवंता, हातमोजे नीट घातले होतेस ना? भेसळ-चाळणीने तुझं नाव दिलंय."

प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाचे जनुकधागे या चाळणीत नोंदवलेले असत. गाळात त्यांच्याशी जुळणारं काही सापडलं, तर ते काम करणाऱ्याच्या अंगावरून पडलेलं समजून बाजूला काढलं जाई.

"काय जुळलंय?"

"पितृवंशाचा धागा. बापाकडून मुलाकडे जातो तो. १७६८ पासून १७७९ पर्यंत प्रत्येक पट्ट्यात आहे. आपल्या किनारपट्टीत हजारो पुरुषांत सापडतो, म्हणजे तुझाच असेल असं नाही. ठेवायचा की काढायचा, ते तुझ्या सहीवर."

शालन गेल्यावर जयवंतांनी तो धागा मोठा करून पाहिला. ताज्या धाग्याची टोकं शाबूत असतात, जुन्याची झिजतात. याची टोकं पार झिजली होती. हा धागा त्यांच्या अंगावरून कालपरवा पडलेला नव्हता. अडीचशे वर्षांपूर्वी कोकणातला कुणी पुरुष त्या तळ्यात हात धूत होता.

त्यांनी एलिनना गाठलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "व्हेलिंगच्या जहाजावर हिंदी खलाशी होते का?"

"एकोणीस. परत आले अठरा. मोतुराहाला एकाला देवी आल्या म्हणून किनाऱ्यावर उतरवून जहाज निघून गेलं. त्याचं नाव नाही लिहिलेलं, फक्त हुद्दा आहे. तांडेल, खलाशांचा मुकादम."

"असं का," जयवंत म्हणाले आणि परत आपल्या खोलीत आले.

ते पडद्यासमोर बसले. हे बाहेर आलं तर कंपनीचा वकील म्हणेल, रोग युरोपियनांनी आणलाच नाही, एका हिंदी माणसाने आणला. गरीब बेटवासीयांचा दावा उगाच गढूळ होईल. हे कारण त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांना आपली मुलाखतच ऐकू येत होती. मग त्यांनी 'भेसळ' असा शेरा मारला आणि सही केली.

चार महिन्यांनी अनुरोआ बेटावर सुनावणी झाली. दावेदारांच्या वतीने तेहानी नावाची सत्तरीची बाई पुढच्या बाकावर बसली होती. कंपनीचा वकील शांतपणे उठला.

"मोतुराहावर माणसं होती, हे आम्हाला मान्य आहे. प्रश्न एवढाच, की ती यांचीच पूर्वज कशावरून? यांचा मातृवंश आसपासच्या दहा बेटांवर सापडतो."

दावेदारांच्या बाजूने साक्षीला आलेल्या एलिननी दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल पुढे केला. दावेदारांपैकी एकतीस पुरुषांची तपासणी झाली होती. त्यांतल्या एकोणीस जणांचा पितृवंश या महासागरातल्या इतर कुठल्याच बेटावर सापडत नव्हता. तो कोकण किनाऱ्याचा होता.

जयवंतांनी समोरच्या आपल्या अहवालावरची सही पाहिली.

"पुढे कधीतरी आलेल्या व्यापाऱ्यांचा असणार," वकील म्हणाला. "मोतुराहाच्या गाळात असा धागाच नाही. तसा डॉ. तांडेलांचा अहवाल आहे. खरं ना, डॉक्टर?"

त्या एका धाग्यानेच हे लोक मोतुराहाला बांधलेले होते. इतर सगळं शेजारच्या बेटांसारखंच होतं. जयवंतांनी एक माणूस पुसला होता, आणि त्याच्याबरोबर ही दोनशे कुटुंबं पुसली गेली होती.

"होता," ते म्हणाले. मग आयोगाच्या अध्यक्षांकडे वळून पुन्हा म्हणाले, "गाळात तो धागा होता. १७६८ ते १७७९ च्या प्रत्येक पट्ट्यात. मी काढून टाकला."

"चुकून?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही. तो जुना आहे हे मला कळलं होतं."

"मग का काढलात?"

"तो आमच्याकडचा माणूस होता. देवी त्याच्याबरोबर तिथे आल्या. ते मला नको होतं."

मागच्या बाकावर शालन मान खाली घालून बसल्या होत्या.

आयोगाने त्यांचा अहवाल रद्द केला आणि दुसऱ्या चमूकडून नवा गाळ काढायचं ठरवलं. जयवंतांनी फक्त जागा दाखवायची, कशालाही हात लावायचा नाही. पुढे त्या गाळात धागा मिळाला, दावा मान्य झाला, जयवंतांना पद सोडावं लागलं. पण नवा गाळ काढला त्या दिवशी हे काहीच ठरलेलं नव्हतं. ते मोतुराहाच्या तळ्याकाठी उभे होते, आणि तेहानी येऊन शेजारच्या दगडावर बसली. तिचं बोलणं दुभाषी यंत्र मराठीत सांगत होतं.

"आम्ही त्याला तापाचा आजा म्हणतो. किनाऱ्यावर एकटा पडला होता. आमच्या बायांनी त्याला झोपडीत आणलं, पाणी पाजलं. तो वाचला, त्या मेल्या. सगळ्यांना त्यानेच पुरलं."

"लोक त्याच्यावर चिडले नाहीत?"

"चिडले असतील. उरले होते किती, सात जण. त्यांनी त्याला राहू दिलं. त्यांच्यातल्या एकीपासून त्याला मुलं झाली. अकरा वर्षांनी जहाजाचं शीड पुन्हा दिसलं, तेव्हा 'पळा' म्हणून तोच ओरडला. सगळे होड्यांतून अनुरोआला आले, म्हणून आम्ही आहोत."

जयवंतांना तिच्याकडे बघवेना.

"सुनावणीत तुम्ही त्याच्याविषयी बोललात, तेव्हा तुमचा चेहरा पाहिला मी," तेहानी म्हणाली. "आम्हाला त्याची कधी लाज वाटली नाही."

तळ्यात होडीवरच्या माणसांनी नळी पाण्यात सोडली. तिकडे पाहत तिने विचारलं, "त्याने आपलं नाव सांगितलं होतं. आमच्या लोकांना ते नीट म्हणता येईना, म्हणून हळूहळू विसरलं गेलं. तुमच्या गावात ठाऊक असेल ना कुणाला?"

जहाजावर गेलेल्या आणि न परतलेल्या माणसांविषयी आपण आयुष्यात कुणाला काही विचारलं नाही, हे जयवंतांच्या लक्षात आलं.

"नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे त्याची कुणी वाट पाहिली की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही."