एरंडेलाचे थेंब

सुट्टीच्या पाचव्या दिवशी अन्नपूर्णा भागातल्या व्यायामशाळेतून मल्लखांब गायब झाला!

मैदानात नुसता खड्डा उरला होता आणि त्याच्यापाशी श्रीपाद सर एरंडेलाची वाटी घेऊन उभे होते. खांबाला रोज तेल ते स्वतः चोळायचे, त्या वाटीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसत. त्यांच्या मल्लखांबाच्या वर्गातली तन्वी मानस आणि शलाका या दोस्तांबरोबर खड्ड्याशी धावत आली. खांब नाही तर सरांचा वर्ग बंद, आणि रविवारचं तिचं प्रात्यक्षिकही बंद.

"चोरी झाली, भिया," मानस म्हणाला.

"चोर काय खिशात घालून नेणार आहे?" शलाकाने त्याला गप्प केलं.

तन्वी वाकून बघत होती. मैदानालगतच्या फरशीवर तेलाचे थेंब होते. त्यांचा माग काढत तिघं मागच्या फाटकाशी पोचली. तिथे शाम आपली लोडिंग रिक्षा धूत होता आणि त्याच्या शर्टाला एरंडेलाचा वास येत होता.

"शामभिया, खांब कुठे नेला?"

"सांवेर रोडला, आरा मशीनवर. सचिवजी बोलले, पुराना आहे, कापून टाका. तिकडे लाइट गेली, म्हणून अजून बचलाय."

लाइट काय, कधीही येईल! तिघांनी धूम ठोकली ती थेट कार्यालयात. सचिव हृषीकेशजी पालकांना नवा फलक कौतुकाने दाखवत होते: 'जिम्नॅस्टिक्स केंद्र'.

"बेटा, आता इथे जिम्नॅस्टिक्स चालणार. त्या तेलकट खांबाचं क्या काम?"

तन्वीने फलक लागला त्याच दिवशी तो शब्द कोशात पाहून ठेवला होता.

"काका, जिम्नॅस्टिक्स म्हणजे काय?"

"म्हणजे... कोलांट्या वगैरे."

"मूळ शब्द ग्रीक आहे. 'जिम्नॉस' म्हणजे उघडा. तिथली मुलं उघड्या अंगाने कसरत करायची, म्हणून हे नाव पडलं. अंगाला तेलसुद्धा चोपडायची. आता सांगा, आपल्याकडे उघड्या अंगाने, तेल लावून कसरत कोण करतं?"

"मी," म्हणत मानस शर्टाची बटणं काढू लागला.

पालक खो खो हसले. "मग खरं जिम्नॅस्टिक्स तर मल्लखांबच!" त्यांच्यातले एकजण म्हणाले. हृषीकेशजींनी मुकाट्याने आरा मशीनवाल्याला फोन लावला.

दुपारी खांब पुन्हा खड्ड्यात उभा राहिला.

"सर, तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलंच माझं," हृषीकेशजी म्हणाले. "पोरं मात्र हुशार आहेत तुमची."

सरांनी वाटी तन्वीच्या हातात ठेवली.

"आज तेल तू लाव."