सतरा नंबरपुढचा आकडा

घसा कोरडा पडेपर्यंत बोलायचं आणि समोर एकतीस काळे चौकोन. गणिताच्या बाईंचं हे घरून शिकवण्याचं तिसरं वर्ष. कोण ऐकतंय, कोण पेंगतंय, देव जाणे. मुलांना बाई दिसायच्या; बाईंना मूल एकही नाही. स्वतःचा दमलेला चेहरा तेवढा पडद्याच्या कोपऱ्यात दिसायचा, तोही नको म्हणून त्यांनी त्यावर पिवळ्या कागदाचा चिटोरा चिकटवला होता.

तक्रार तरी कुणाकडे करणार? मुलांच्या घरात डोकावायचं नाही, हा नियम सभेत भांडून बाईंनीच करून घेतला होता. कुणाच्या मागे कपडे वाळत असतात, कुणाकडे भांडणं चालू असतात. ते आपण का बघायचं? मग शाळेने मधला मार्ग काढला. मुलांचा कॅमेरा चालू राही, पण चित्र कुणालाच दिसत नसे. बाईंना प्रत्येक नंबरपुढे फक्त दोन आकडे येत: पडद्यासमोर चेहरे किती आणि लक्ष किती टक्के. अगदी तळाशी बाईंची स्वतःची ओळ. वर्गाचं लक्ष चाळिसाच्या वर कधी गेलं नाही, आणि बाईंनी त्यापुढे केव्हाच हात टेकले होते.

मग एके दिवशी सतरा नंबरपुढे चेहरे दोन दिसले. सतरा नंबर म्हणजे बारीक आवाजाची एक हुशार पोर. बाई तिला चिमणी म्हणत. दुसऱ्या दिवशीही दोन. आठवडाभर दोन. इतर शिक्षकांच्या तासाला मात्र एकच.

मुख्याध्यापकांनी बजावलं, शेजारी बसून कुणीतरी उत्तरं सांगतंय. सोमवारी वार्षिक परीक्षेत दोन दिसले, तर पेपर रद्द आणि मुलगी पुन्हा त्याच वर्गात. बाईंचा जीव तुटला. आई नसलेली पोर, बाप बस चालवून शिकवतोय. तिचं वर्ष आपल्या एका सहीने जाणार होतं. त्यांनी संध्याकाळी फोन लावला. वडील म्हणाले, दुपारपर्यंत घरात ती एकटीच असते, काळजी असते ती त्याचीच. मग त्यांनी फोन तिच्याकडे दिला.

"तुझ्याजवळ कोण बसतं गं?" बाईंनी विचारलं.

चिमणीने आवाज आणखी बारीक केला. "तो काही सांगत नाही, बाई. नुसता ऐकतो."

"कोण तो?"

"माहीत नाही. तुम्ही बोलायला लागलात की येतो. तुमचा तास आवडतो त्याला."

दिवसभराच्या सहा तासांनी बाईंचं डोकं भणभणत होतं. पोरगी कुणाला तरी पाठीशी घालतेय, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांना हसू फुटलं. "चला, माझा तास आवडणारा एक तरी निघाला. मग त्याला म्हणावं, सोमवारी माझ्याकडेच येऊन बस. तुझ्याजवळ नको."

"खरंच सांगू, बाई?"

"सांग."

सोमवारी सकाळी पेपर सुरू झाला. वह्यांवर माना वाकल्या, तसे लक्षाचे आकडे दहा-बारावर उतरले. पेपरला असंच व्हायचं. बाईंनी आधी सतरा नंबर पाहिला.

चेहरे: एक.

वाचली पोर! बाईंनी पाठ खुर्चीला टेकली, डोळे पुसले. सहज नजर खाली तळाच्या ओळीवर गेली.

चेहरे: दोन.

घरात त्या एकट्याच होत्या. खोलीचं दार त्यांनीच आतून लावलं होतं. मागे काही वाजलं नाही, काही हललं नाही. पंखा तेवढा फिरत होता.

बाईंनी पिवळ्या चिटोऱ्याकडे हात नेला. बोटं कागदाला लागली. मग त्यांनी हात मागे घेतला.

एवढ्यात तीन नंबरचं लक्ष दहावरून शंभरावर गेलं.

मग आठ नंबरचं. मग बारा, एकवीस, तीस.

पेपर लिहायचं सोडून एकेक मूल मान वर करत होतं. कुणी काही विचारलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदाच सारा वर्ग बाईंकडे टक लावून पाहत होता.

फक्त सतरा नंबरचा आकडा बारावर होता. चिमणी मान खाली घालून पेपर लिहीत होती. तिला सवय होती.