मामंजींचा खडू

बसा ताई. हे आणि तुमचे यजमान तुमच्या ट्रकसाठी डिझेल घेऊन येईपर्यंत तुम्हाला एक सांगायचं आहे.

यांच्या डोळ्यात छिन्नीची किरच गेली, त्या वर्षी मी देवापुढे बोलून गेले होते: यांची नजर वाचव, आमच्या दुकानातून खोट असलेला भाग कुणाच्या गाडीत जाणार नाही. नजर वाचली. घरी आल्यावर नवस सांगितला, तर हे म्हणाले, "वा! नवस तू बोलायचा आणि गिऱ्हाईक मी घालवायचं!" पण पाळला हो. कुरकुरतात, मोडत नाहीत.

आमचा धंदा जुन्या ट्रकची इंजिनं खोलून सुटे भाग विकायचा. लोकांना ते भंगार वाटतं. पण जुनं लोखंड जाड, घासूनपुसून पुन्हा बसवता येतं, आणि कारखान्याने भाग बनवायचं सोडलं की भाव आपोआप चढतो. मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "म्हातारपणी किंमत वाढते अशी जगात ही एकच जागा. नाहीतर मला कोण विचारतंय?"

पारख मला त्यांनीच शिकवली. क्रँक हा इंजिनाचा कणा. तो तुळईला दोरीने टांगायचा आणि हातोडीने हलका टोला द्यायचा. धड असेल तर घंटेसारखा घुमत राहतो. तडा असेल तर नुसतं ठप्प. "सूनबाई, लोखंडाला थापा मारता येत नाहीत," असं ते सांगायचे, दुखऱ्या दाढेत लवंग धरून. आता सांगते ती गोष्ट घडली, तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

एका दुपारी एक ड्रायव्हर आला. त्याच्या ट्रकचा क्रँक मोडला होता आणि तसला जुना क्रँक अख्ख्या भागात फक्त आमच्याकडे उरला होता. हे माप घ्यायला त्याच्या गाडीकडे गेले.

"वहिनी, जरा लवकर बघा. उद्या माल भरून घाट उतरायचाय. बायको आणि पोरगी सोबत आहेत."

मी क्रँक टांगला आणि टोला दिला. काय नाद आला, ताई! गोड, लांब... पत्रे थरथरले.

"बोलतोय," मी म्हटलं. त्याचा चेहरा खुलला.

क्रँक थांबवायला मी हात लावला, आणि मागून, इंजिनांच्या हेडांच्या, म्हणजे वरच्या जड झाकणांच्या ढिगाआडून आवाज आला.

ठप्प.

तिथे दुसरा क्रँक नव्हता. दुसरी हातोडीही नव्हती. मी पुन्हा टोला दिला. घणघणलं. ते विरायच्या आतच मागून... ठप्प.

मी हातोडी खाली ठेवली. रॉकेलच्या वासातून लवंगेचा वास यायला लागला.

"वहिनी... आत कोण आहे?"

"कुणी नाही. तुम्हीही ऐकलंत?"

त्याने मान हलवली आणि दोन पावलं मागे सरकला.

तेवढ्यात हे आले. "नाद आला ना चांगला? मग बांधून दे की."

"द्यायचा नाही."

"अगं, वेड लागलंय का? याची गाडी उघडी पडलीय!"

"आधी खडू लावा. मग माझ्यावर ओरडा."

क्रँक रॉकेलने धुतला, कोरडा पुसला, वर खडूची पूड चोळली. तडा असला की आत शिरलेलं रॉकेल पाझरतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. आम्ही तिघं वाकून बघत होतो. बराच वेळ काही नाही. मग कोपऱ्यात एक काळसर रेघ हळूहळू पुढे सरकत गेली. केसाएवढी.

"एवढीशी चीर नादात येत नाही," हे हळूच म्हणाले. "तुला कळलं कसं?"

मी ढिगाकडे पाहिलं. ड्रायव्हर खालीच बसला होता, दोन्ही हात जोडून.

चार दिवस थांबून त्याने लांबून दुसरा क्रँक आणवला. घाट सुखरूप उतरल्याचा त्याचा फोन आला, तेव्हा पोरगी मागे गाणं म्हणत होती.

त्या दिवसापासून खडूची वाटी मी भरलेलीच ठेवते. एखाद्या सकाळी ती थोडी कमी दिसते आणि फडताळावरचा एखादा भाग पांढरा झालेला असतो. आम्ही तो मुकाट्याने बाजूला काढतो. मला भीती वाटत नाही, ताई. घरचंच माणूस आहे. जन्मभर आमची काळजी केली, आता गिऱ्हाइकांची करतात.

पण आज सकाळी फडताळावर काहीच नव्हतं. तुमचा ट्रक रात्रभर आमच्या अंगणात होता, किल्ली तुमच्या यजमानांच्या उशाशी. मघाशी त्यांनी तेल बघायला बॉनेट उघडलं, तेव्हा मी जवळच होते. इंजिनाच्या एका बाजूला खडू लागलाय. चार बोटांचा ठसा, ताजा. रेघ अजून उमटलेली नाही. त्यांना वाटलं धूळ, पुसायला निघाले होते. मी हात धरला.

आजचा दिवस राहा. अंथरूण घालते, पोळ्या टाकते. आणि ताई, मी मागितलं तसं तुम्हीही देवापाशी मनातल्या मनात मागून ठेवा... ते दोघं आले की मी इंजिन खोलायला लावते.