होडीचा खेळ आणि बकुळेचा संशय

चपलेचा अंगठा तुटायला जागा सापडली ती नेमकी मांडवीच्या नव्या व्हिडिओ गेमच्या दुकानासमोर. बकुळा लंगडत आत शिरली, आणि गल्ल्यामागच्या तरुणानं तिच्यापुढे स्टूल सरकवलं.

"सेफ्टी पिन आहे. द्या इकडे, लावून देतो."

"माझी मी लावीन."

"बरं. तोवर खेळा वायच, घटकाभर. पहिला डाव फुकट."

फुकट म्हटल्याबरोबर बकुळेच्या कपाळाला आठी पडली. पाहुण्यानं पेढे आणले तरी ही बया आधी विचारणार, काय काम काढलंत! पण पडद्यावरची ती इवलीशी होडी तिच्याकडेच बघत होती जणू... तिनं मशीनचा दांडा धरला. खडक चुकवत होडी बंदराच्या दिव्यापर्यंत न्यायची, एवढाच खेळ. ती पार शेवटच्या खडकापर्यंत पोचली. मान वळवून पाहिलं तर तो तरुण रुमालानं मान पुसत होता, आणि नजर पडद्यावर नव्हती – तिच्यावर होती.

त्याचं नाव भागोजी. आजोबांचं ठेवलेलं, म्हणून अंगात जीन पँट असली तरी नाव धोतरातलंच. मुंबईत एक दुकान बंद पडलं तेव्हा हे जुनं मशीन त्यानं एसटीच्या टपावर टाकून रत्नागिरीला आणलं होतं. सत्त्याऐंशी साली गावात असलं दुसरं मशीन नव्हतं, त्यामुळे गावात बोलणीही सुरू झाली होती. पोरं बिघडतात, जुगार आहे, असं बरंच काही. जागेच्या मालकीणबाई यमुनाबाई यांनी तर सांगूनच टाकलं होतं, "पेपरात काय छापून येतं ते बघते. वाईट आलं, तर मशीन उचलायचं."

आणि पेपरात लिहायचं काम आलं बकुळेकडे. ती रावजींच्या साप्ताहिकात लिहायची. रावजी म्हणाले, "खेळून बघ आणि खरं काय ते लिही. लोक वाट बघतायत."

झालं, बकुळा रोज संध्याकाळी मांडवीला जाऊ लागली. खेळात चुका तरी किती! समुद्र गुलाबी दिसायचा. दांडा सारखा डावीकडे ओढायचा. शिडाची होडी वाऱ्याच्या उलट दिशेनं सुसाट पळायची, ते बघून बंदरावरचे खरे खलाशी पोट धरून हसायचे आणि हसता हसता पुन्हा रांगेत उभे राहायचे. बकुळाही उभी राहायची. घरी भाकरी थापताना तिचा हात आपोआप उजवीकडे झुकायचा.

"आज उशीर केलात," भागोजी एकदा म्हणाला.

"तुम्ही वेळ बघून ठेवता की काय?"

"वेळ नाय... वाट बघतो."

तिला हसू आलं, आणि लगेच संशय आला. हा एवढं गोड का बोलतो? लेखासाठीच ना? मग तिनं नीट लक्ष ठेवलं. दिवेलागण झाली की इतरांचा खेळ मध्येच आचका देऊन बंद पडायचा. पडदा आक्रसायचा, होडी गडप. हिची होडी मात्र पुढे पुढे जायची! आणि ही दांड्याला हात लावते न लावते, तोच भागोजीचा हात गल्ल्याखाली जायचा. त्याला घामही फुटायचा. चोराला फुटतो तसा, बकुळेच्या मनात आलं, आणि तिला फार वाईट वाटलं. तो चोर निघू नये असं तिला वाटत होतं, हेच त्यातलं सगळ्यात वाईट.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होडी ऐन खडकांत असताना तिनं दांडा सोडला आणि सरळ गल्ल्यामागे गेली.

"हात वर घ्या. काय आहे तिथं? कसलं बटण?"

"राहू दे हो..."

तिनं ते बटण दाबलं. भागोजीच्या डोक्यावरचा पंखा गरगरायला लागला, आणि पाठीमागे मशीन आचका देऊन बंद पडलं.

"बुडवलीत ना स्वतःचीच होडी," तो म्हणाला. "बर्फाचा कारखाना सुरू झाला की आमच्या गल्लीतली वीज अर्ध्यावर येते. पंखा आणि मशीन दोन्ही एकदम चालत नाय."

"मग सगळ्यांसाठी पंखा बंद का नाही करत?"

"या बंद खोलीत? उकडून मरेन."

"आणि माझ्यासाठी मरता. लेख चांगला यावा म्हणून."

भागोजीचा चेहरा उतरला. "पहिल्या दिवशीही पंखा बंदच केला होता, बकुळाबाई. तेव्हा तुम्ही पेपरात लिहिता हे मला कुठं माहीत होतं? तेव्हा तुम्ही फक्त... एका चपलेनं लंगडत आलेल्या होतात."

बकुळा तशीच बाहेर पडली. समुद्रावरचा वारा तोंडावर घेत ती किती तरी वेळ धक्क्यावर उभी होती.

लिहायला बसली तर पेनच चालेना. चांगलं लिहावं, तर आपण पंख्याला भुललो. वाईट लिहावं, तर उद्या त्याचं दुकान जाणार, आणि शिवाय ते अर्धंच खरं. शेवटी ती रावजींसमोर जाऊन बसली.

"खेळ धड नाही, रावजी. आणि मला रोज जावंसं वाटतं."

"मग दोन्ही लिही."

तिनं दोन्ही लिहिलं. गुलाबी समुद्र, ओढणारा दांडा, संध्याकाळचे आचके, काही सोडलं नाही. इतकं असूनही माणूस पुन्हा का जातो, तेही लिहिलं. आणि खाली लिहिलं, 'लेखिकेचं मन या दुकानाच्या मालकात गुंतलेलं आहे. तेव्हा वाचकांनी तिच्यावर भरवसा न ठेवता स्वतः जाऊन खेळून पाहावं.'

रावजींनी चष्मा कपाळावर चढवला. "हे ठेवायचं?"

"खोटं असतं तर काढलं असतं."

अंक निघाला त्या दिवशी बकुळा दुकानात गेली तेव्हा आत उभं राहायला जागा नव्हती. स्टुलावर यमुनाबाई बसल्या होत्या, मांडीवर पेपर. भागोजी गल्ल्यामागे कानापर्यंत लाल होऊन उभा होता.

"काय गो, हे तू लिहिलंस?" यमुनाबाईंनी विचारलं.

"हो."

"होडीचं वाईटसाईट लिहिलंस ते खरं?"

"खरं आहे."

"आणि खालचं?"

बकुळेनं भागोजीकडे पाहिलं. "तेही."

"मोठ्यानं बोल. छापलेल्यावर माझा विश्वास नाय, आणि कानानंही मला कमी ऐकू येतं."

खेळणारे खेळ सोडून वळले. बकुळेचे गाल पेटले, पण आवाज हलला नाही. "माझा जीव जडलाय यांच्यावर."

"बरं. म्हणजे होडीचंही खरंच लिहिलं असशील. राहू दे मशीन." यमुनाबाई भागोजीकडे वळल्या. "आणि तू रे?"

"माझं... त्यांना ठाऊक आहे."

"ठाऊक नाही," बकुळा म्हणाली. "नुसता संशय आहे. सांगा."

आणि भागोजीनं सांगितलं – यमुनाबाईंना पहिल्या झटक्यात ऐकू जाईल, इतक्या मोठ्यानं.