खऱ्या पक्ष्याचा पुरावा

कायद्याने जंगलाचे दोनच प्रकार उरले होते, बोलतं आणि मुकं. पावसाळ्यात निदान पाच सकाळी तरी ओढ्याकाठच्या कानपेटीने, म्हणजे पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या यंत्राने, शीळकरी कस्तूर ऐकला तर ते रान बोलतं. नाही ऐकला तर मुकं. मुकं रान धरणाखाली जाई आणि त्यातली वस्ती खालच्या पत्र्याच्या शेडमध्ये. माणसांची साक्ष कुणी विचारत नसे.

हंगामाच्या पाच सकाळी उरल्या होत्या आणि कुंभखोऱ्याच्या पेटीत एकही नोंद नव्हती. पेटी सांभाळणाऱ्या ठकूबाई झोरेंनी निरोपावर निरोप धाडले, तेव्हा कुठे पेटी बनवणाऱ्या डॉ. शर्वरी नाखरे डोंगर चढून आल्या. समोरच्या खडकावर कस्तूर खुशाल शीळ घालत होता.

“ह्यो काय, गातोय की,” ठकूबाई म्हणाल्या. “अन् तुमची पेटी म्हंती, न्हाई.”

शर्वरींनी पडदा पाहिला. ‘पेटीचाच आवाज. नक्कल.’ त्यांचा चेहरा उतरला.

कस्तुराला बोलतं करायला पेटी रोज पहाटे एक शीळ वाजवी. शेकडो जुन्या ध्वनिमुद्रणांतून घासूनपुसून काढलेल्या या शिळेला ‘साद’ म्हणत. ती ऐकून नर चिडे, उत्तर देई आणि मोजला जाई. पुढे काही गावांनी रान वाचवायला ही साद चोरून भोंग्यावर वाजवली. म्हणून शर्वरींनीच पेटीला शिकवलं, की सादेशी तंतोतंत जुळेल तो आवाज खोटा धर. एवढ्या हुशार बाई, पण एक साधी गोष्ट विसरल्या. कस्तुराचं पिल्लू ऐकून ऐकून शीळ शिकतं, आणि खडकावरच्या या कस्तुराने पिल्लू असताना घरट्यातून सगळ्यात जास्त ऐकलं होतं ते पेटीलाच.

“म्या बी बापाचं ऐकूनच बोलाय शिकले,” ठकूबाई म्हणाल्या. “म्हून मी खोटी व्हय?”

“नाही हो. पण हंगामात पेटीला हात लावला तर अख्खं खोरं बाद होतं. नियमावर सही माझीच आहे.”

“घरट्यातनं पडला हुता ह्यो. गांडुळं भरवून जगवलाय मी. म्याडम, न शिकता येतं आसं कायबी न्हाई का त्याच्यापाशी?”

शर्वरींनी पडद्यावरून नजर काढून कस्तुराकडे पाहिलं. “आहे. भ्यायल्यावरची किंचाळी. ती उपजत असते. पण ठकूबाई...”

वाड्यावर, म्हणजे ठकूबाईंच्या वस्तीत, बावीस माणसं होती. ठकूबाईंनी दगड उचलला.

दगड कस्तुराच्या पायाशी आपटला. तो किंचाळून उडाला. पेटीवर हिरवा दिवा लागला, ‘शीळकरी कस्तूर. खरा.’ ठकूबाई पदर तोंडाला लावून रडल्या.

दुसऱ्या सकाळी तो पुन्हा आला, गांडुळाच्या आशेने. तिसऱ्या सकाळी लांबच्या खडकावर बसला. चौथ्या सकाळी त्याने शीळ घातलीच नाही, तरी दगड मारावा लागला. शर्वरी रोज नोंद तपासत होत्या आणि ठकूबाईंकडे बघायचं टाळत होत्या.

पाचव्या सकाळी ठकूबाई ओढ्यावर आल्या. दगड अजून पदराआडच होता. कस्तुराने त्यांना नुसतं पाहिलं आणि तो किंचाळला.

दिवा लागला. रान वाचलं.

“पुढल्या साली पेटी सुधारशीला न्हवं?” ठकूबाईंनी विचारलं.

“नियम सैल केला की भोंगे परत वाजतील. पुढच्या वर्षीही हेच करावं लागेल.”

ठकूबाईंनी दगड ओढ्यात टाकला नाही. पेटीशेजारी, हाताला सापडेल असा नीट ठेवला.