दार लावायचं नाही

तो पहिल्यांदा गॅरेजमध्ये आला तेव्हा गाडीच्या आत छत्री उघडून बसला होता.

लाल, बुटकी, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार. वय माझ्यापेक्षा जास्त, तोरा त्याहून जास्त.

“थोडी गळते,” तो म्हणाला.

मी दार उघडलं. आतलं पाणी माझ्या बुटांत शिरलं.

“थोडी?”

“छत्रीखाली थोडीच.”

दारांभोवतीचं रबर वाळून पार लाकूड झालं होतं. गॅरेज बाबांचं, पण रबराची कामं माझी. मी नवं मागवलं. ते येईपर्यंत तो रोज चौकशीला यायचा. बसायचा नाही. येरझाऱ्या घालायचा, पाने-पकडी उचलून पुन्हा ठेवायचा, मग… “आलं?”

“हा रबरासाठी येतो की माझे पाने मोजायला?” बाबा पुटपुटायचे.

त्याला उशीर झाला की मीच चारदा रस्त्यावर जाऊन बघायचे… ट्रॅफिक कसं आहे ते.

रबर आलं त्याच दिवशी तो म्हणाला, “दुसऱ्या शहरात नोकरी लागली. उद्या निघतो. गाडीनेच.”

“अभिनंदन,” मी म्हणाले आणि गोंदाचा डबा असा उघडला, की झाकण बाबांच्या चहात पडलं.

मी दोन्ही चौकटींना गोंद लावून रबर बसवलं. “गोंद सुकेपर्यंत दार लावायचं नाही हं. लावलं तर चिकटेल.” तीनदा सांगितलं. मग आत बसून कोपरे दाबू लागले. तो शेजारच्या सीटवर, मदतीला. म्हणजे गुडघा हलवायला.

“अहो, गुडघा!”

“सॉरी.” थांबला. पुन्हा सुरू. “मला जरा…”

“काय?”

“काही नाही.”

धप्प!

त्याने त्याच्या बाजूचं दार लावलं होतं.

“वेड लागलंय का? तीनदा सांगितलं होतं!”

“ऐकलं होतं.” गुडघा एकदम शांत. “तिन्ही वेळा.”

मी काच खाली करायला हात नेला. हँडल मीच काढून बाहेर टेबलावर ठेवलं होतं.

“मलाच पळून जाता येणार नाही अशी सोय केल्याशिवाय मला बोलता आलं नसतं,” तो म्हणाला. “मला तू आवडतेस. …नको असेल तर तू तुझ्या दाराने उतर.”

मी कोपरा दाबत राहिले. दाबलेलाच.

“उतर ना…”

“नाही उतरता येणार.”

“का?”

“माझं दार मी मघाशीच लावलंय. हळूच.”

इतक्यात बाबा पाण्याचा पाइप घेऊन आले. गाडीची दारं बंद, म्हणजे गळतीची तपासणी चालली असणार, असं समजून त्यांनी धार सोडली. काचांवर पाण्याचा पडदा.

“गळतंय का गं?” ते बाहेरून ओरडले.

आत थेंबही आला नाही. उत्तर द्यायला आम्हाला जरा वेळ लागला, एवढंच.

दारं उघडताना दोन्ही रबरं फाटली. तो बसने नोकरीवर गेला. आता दर शनिवारी येतो, येरझाऱ्या घालतो, पाने उचलतो आणि विचारतो, “आलं?”

“अजून नाही.”

नवं रबर केव्हाच आलंय. त्याच्याच खोक्यावर बसून बाबा चहा पितात. आणि त्याने विचारलं, की जरा ऐसपैस बसतात.